एका तोफेची कुळकथा

दुसऱ्या महायुद्धाची छायाचित्रे ज्यांनी थोडीफार चाळली असतील, त्यांच्या नजरेखालून एक लहानशी तोफ खात्रीने गेली असेल. उंची माणसाच्या कमरेहून फारशी अधिक नाही. दोन चाके, पुढे मागच्या बाजूस कललेली पोलादी ढाल, ढालीतून बाहेर आलेली सडपातळ नळी, आणि फाकलेल्या दोन पायांच्या बेचक्यात गुडघे टेकून बसलेले तीन-चार शिपाई. चित्राखाली बहुधा 'जर्मन रणगाडाविरोधी तोफ' एवढीच ओळ असते. पण तीच, किंवा अगदी तशीच दिसणारी तोफ स्पेनच्या यादवी युद्धात दोन्ही पक्षांकडे दिसते, चीनमध्ये जपानी रणगाड्यांवर रोखलेली दिसते, आणि मॉस्कोच्या वाटेवर जर्मनांच्या विरुद्ध उभी असलेलीही दिसते. मग ती जर्मन कशी? आणि जर्मन नसेल, तर जर्मन तोफेसारखी दिसते कशी?

या प्रश्नाचा उलगडा आपल्याला करावयाचा आहे. व्याख्यानात पडद्यावर चित्रे दाखविता येतात. येथे शब्दांवरच भागवावयाचे आहे. तेव्हा वाचकांनी वर वर्णिलेली आकृती डोळ्यांपुढे ठेवावी आणि पुढे जे फरक सांगितले आहेत ते तिच्यावर बसवून पाहावेत, एवढी विनंती.

कोणी म्हणेल, चित्राखालची ओळ चुकली म्हणून बिघडले काय? तोफ ती तोफ. या शंकेला उत्तर आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या पंधरा वर्षांत युरोपातील शस्त्रांचे कितीतरी व्यवहार कागदावर आलेच नाहीत, किंवा आले ते भलत्याच नावाने आले. त्या व्यवहारांचा पुरावा आज त्या शस्त्रांच्या अंगावरच वाचावा लागतो. शिवाय युद्धकाळात तर ही ओळख केवळ विद्वत्तेची बाब नव्हती. समोरची तोफ कोणती हे ओळखण्यात चूक झाली, तर रणगाड्यातील चार-पाच माणसे त्या चुकीची किंमत देत. आणि चुकीचे काडतूस पोचले, तर तोफेमागची माणसे देत.

प्रथम रणगाडाविरोधी तोफ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. साधी मैदानी तोफ स्फोटक गोळा लांबवर फेकते. काम स्फोट करतो. रणगाडाविरोधी तोफेचे काम मुख्यतः वेगाने होते. गोळा लहान आणि कठीण पोलादाचा, पण तो इतक्या वेगाने सोडावयाचा की चिलखताचा पत्रा फोडून आत शिरावा. आपल्या कथेतील जर्मन तोफेची नळी ३७ मिलिमीटर व्यासाची आहे, म्हणजे तिच्या तोंडात मध्यम आकाराचे लिंबू जेमतेम शिरेल. गोळ्याचे वजन सुमारे ६८० ग्रॅम, आणि तो सेकंदाला सुमारे ७६० मीटर वेगाने बाहेर पडतो. हिशेब केला तर त्या गोळ्यात जेवढी गतिज ऊर्जा असते, तेवढीच चार टनांची लॉरी ताशी ३६ किलोमीटर वेगाने येऊन धडकली तर तिच्यात असते. फरक इतकाच की लॉरीचा धक्का सगळ्या भिंतीवर पसरतो, आणि हा सारा धक्का लिंबाएवढ्या वर्तुळावर पडतो. १९३० च्या दशकातील बहुतेक रणगाड्यांचे चिलखत दीड-दोन सेंटिमीटरांचे होते. त्या मानाने ही तोफ पुरेशी होती. पुरून उरणारी होती.

आता तिचा जन्म. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला रणगाडे बाळगण्यास बंदी केली, आणि तोफा कोणत्या व किती असाव्यात यालाही कडक मर्यादा घातल्या. तरीही ऱ्हाइनमेटाल या कारखान्यात १९२४ च्या सुमारास या तोफेचा आराखडा सुरू झाला आणि १९२८ पासून ती सैन्याच्या हाती पडू लागली. ती घोड्याने ओढावयाची होती, म्हणून तिची चाके लाकडी, आऱ्यांची होती. तिचे नाव 'टाक'. हा जर्मन भाषेतील 'रणगाडा-निवारक तोफ' या शब्दाचा संक्षेप. पुढे जर्मनांनी रणगाड्यासाठी इंग्रजी वळणाचा 'टँक' हा शब्द टाकून 'पान्झर' हा आपला शब्द रूढ केला, आणि 'टाक'ची 'पाक' झाली. आपल्या साखरेच्या पाकाशी त्याचा संबंध नाही, हे सांगावयास नकोच. पण नाव लक्षात राहण्यास हा योगायोग उपयोगी पडतो.

घोड्यांचा जमाना मागे पडू लागला. मोटारीमागे ओढल्यावर लाकडी चाकांची तोफ खिळखिळी होते, म्हणून हलक्या धातूची, तबकडीसारखी चाके आणि हवेचे टायर बसविण्यात आले. गाड्याला स्प्रिंगांचा आधारही होता, आणि त्यात एक मोठी सोय होती. तोफेचे मागचे दोन पाय फाकविले की त्या स्प्रिंगा आपोआप जखडल्या जात, म्हणजे गोळी सोडताना तोफ हेलकावत नसे. या रूपात ती 'पाक ३५/३६' किंवा नुसती 'पाक ३६' झाली. नळी मात्र तीच राहिली. तोफांच्या भाषेत तिची लांबी '४५ कॅलिबर' अशी सांगतात. म्हणजे नळीच्या व्यासाच्या पंचेचाळीस पट : ३७ गुणिले ४५, अर्थात १६६५ मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

येथेच ओळखीतला पहिला सापळा येतो. लाकडी चाके म्हणजे १९२८ ची 'टाक' आणि रबरी चाके म्हणजे १९३६ ची 'पाक', असे समीकरण पुष्कळ लोक मांडतात. ते निम्मे खरे आहे. चाक हा तोफेचा सर्वांत लवकर झिजणारा आणि सर्वांत सहज बदलणारा भाग होय. जुन्या तोफेला नवी चाके लागली, आणि दूर देशी विकल्या गेलेल्या तोफा हाताशी आली ती चाके घालून लढल्या. तात्पर्य, चाकावरून तोफेचे वय सांगणे म्हणजे पायातल्या वहाणांवरून माणसाचे वय सांगण्यासारखे आहे. चाके शेवटची दुरुस्ती सांगतात. जन्म सांगत नाहीत.

जन्म सांगते ती नळी. आणि नळीची गोष्ट आपल्याला रशियात घेऊन जाते.

१९२२ साली रापालो येथे जर्मनी आणि सोव्हिएट रशिया यांच्यात करार झाला. दोन्ही राष्ट्रे युरोपच्या पंक्तीबाहेर टाकलेली. एकाला कारखान्याची विद्या होती पण वापरण्यास मुभा नव्हती, दुसऱ्याला मुभा होती पण विद्या नव्हती. कझान शहराजवळ १९२९ ते १९३३ या काळात जर्मन अधिकारी रशियन भूमीवर रणगाड्यांचे शिक्षण घेत होते, हे आता सर्वश्रुत आहे. तोफेचा व्यवहार त्या मानाने कमी सांगितला जातो. ऑगस्ट १९३० मध्ये ऱ्हाइनमेटालने एका आडपडद्याच्या कचेरीमार्फत सहा निरनिराळ्या तोफांचे नमुने, आराखडे आणि बनविण्याची रीत सोव्हिएट सरकारला विकली. कचेरीचे नाव 'तांत्रिक कामे व अभ्यास' असे निरुपद्रवी होते; व्यवहार सुमारे सव्वाअकरा लक्ष डॉलरांचा होता. त्या सहांत एक आपली ३७ मिलिमीटरची तोफ. जी तोफ जर्मनीकडे असावयासच नको होती, तीच त्याने परदेशाला विकली.

रशियनांनी तिला '१९३० चा नमुना' म्हटले आणि मॉस्कोजवळच्या कारखान्यात सुमारे पाचशे तोफा केल्या. या पाचशे तोफा आणि जर्मनांच्या लाकडी चाकांच्या तोफा चित्रात वेगळ्या काढणे फार कठीण आहे. येथे चित्रावर फारसे विसंबू नये, ठसे पाहावेत. जर्मन तोफेच्या भागांवर लष्करी तपासनिसाचा छोटा गरुड आणि त्याचा क्रमांक ठोकलेला असतो. रशियन तोफेवर तो जन्मतः असण्याचे कारण नाही.

परंतु रशियन तेथे थांबले नाहीत. ३७ मिलिमीटरच्या नळीत जो स्फोटक गोळा मावतो तो फार लहान. रणगाडा फोडण्यास वेग पुरतो, पण मशीनगनचा मोर्चा किंवा खंदकातली माणसे यांच्यावर असला चिमुकला स्फोट फारसा परिणाम करीत नाही. आपल्या पलटणीजवळच्या एकाच तोफेने दोन्ही कामे करावीत, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून १९३२ साली त्यांनी जर्मन गाड्यावर ४५ मिलिमीटरची नळी चढविली. स्फोटक गोळा एकदम दोन किलोंच्या पुढे गेला. गाडा बहुतांशी तोच, ढाल तीच, बसण्याची पद्धत तीच. पण तोफ नवी.

आता मघाचा आकडा काढा. जर्मन नळी १६६५ मिलिमीटर. रशियन ४५ मिलिमीटरची नळी ४६ कॅलिबरची, म्हणजे दोन मीटर सात सेंटिमीटर. ढालीच्या पुढे दिसणाऱ्या नळीत सुमारे दीड वीत फरक पडतो. एकटे चित्र पाहिले तर तो कळत नाही, पण चाकाच्या उंचीशी नळीची तुलना केली की नजरेला सवय होते. जर्मन तोफेची नळी ढालीतून आखूड आणि बारीक डोकावते. रशियन तोफेची लांब आणि भरदार दिसते. चाकांचीही मदत होते, पण मघाचा इशारा ध्यानात ठेवूनच ती घ्यावी. प्रथम लाकडी चाकांवर निघालेल्या या रशियन तोफेला १९३४ पासून मोटारगाडीची, तारांच्या आऱ्यांची चाके बसू लागली. सायकलीच्या चाकासारखे बारीक तारांचे जाळे दिसले, तर ती रशियन असण्याचा संभव फार मोठा आहे.

१९३७ च्या नमुन्यात रशियनांनी गाड्याला स्प्रिंगा दिल्या आणि गोळी सोडण्याची कळ नेम वरखाली करण्याच्या चाकावरच आणली. एका हाताने नेम, त्याच हाताने गोळी. बाहेरून हा फरक चटकन दिसत नाही, पण तोफ चालविणाऱ्याच्या दृष्टीने तो मोठा होता. १९४२ च्या नमुन्यात मात्र दुरूनच ओळखता येईल असा बदल झाला. नळी एकदम साडेअडुसष्ट कॅलिबरांहून लांब, म्हणजे तीन मीटरांच्या पुढे गेली. लहान मुलाच्या हाती भाला द्यावा तशी ती तोफ दिसते. १९३७ च्या नमुन्याच्या सदतीस हजारांहून अधिक तोफा रशियात झाल्या, हे सांगितले म्हणजे एका विकलेल्या आराखड्याचा विस्तार कुठवर गेला ते ध्यानात येईल.

या दोन शाखा समोरासमोर आल्या त्या स्पेनमध्ये, १९३६ नंतर. फ्रँकोच्या बाजूस जर्मनीहून 'पाक ३६' आली; प्रजासत्ताकाच्या बाजूस रशियाहून ४५ मिलिमीटरची तोफ आली, आणि तिचीच बहीण असलेली नळी घेऊन 'टी-२६' रणगाडेही आले. त्या रणगाड्यांचे चिलखत जेमतेम १५ मिलिमीटर. जर्मन तोफेपुढे त्यांचा टिकाव लागत नसे. उलट त्या रणगाड्यांची ४५ मिलिमीटरची नळी समोरच्या जर्मन आणि इटालियन हलक्या रणगाड्यांना सहज फोडी. एकाच आराखड्याच्या दोन पोरी परक्या माळावर एकमेकींच्या माणसांना मारत होत्या. स्पेनच्या चित्रांखालच्या ओळी सर्वांत जास्त चुकलेल्या आढळतात त्या यामुळेच. शिवाय हस्तगत केलेली तोफ दुसऱ्या दिवशी विरुद्ध दिशेला तोंड करून उभी राही, तेव्हा शिपायांच्या टोप्यांवरून तोफ ओळखण्याचाही भरवसा नाही.

चीनची गोष्ट थोडी निराळी. तेथे १९३० च्या दशकात जर्मन लष्करी सल्लागार होते, आणि त्यांच्याबरोबर ही तोफही आली. १९३७ साली शांघायमध्ये आणि १९३८ च्या मार्च-एप्रिलमध्ये ताय्-अर्-च्वांगच्या लढाईत चिनी सैन्याने तिच्याने जपानी रणगाडे फोडले. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या युद्धातील जखमींची सेवा करण्यास त्याच वर्षी चीनला गेले, ते हेच युद्ध. पुढे जर्मनीने जपानशी हातमिळवणी केली आणि चीनला मिळणाऱ्या तोफा बंद झाल्या. मौज अशी की जपानजवळही ३७ मिलिमीटरचीच स्वतःची तोफ होती, '९४' नमुन्याची. हा ९४ कोठला? जपानी राजवंशाच्या गणनेतील २५९४ या वर्षाचे शेवटचे दोन आकडे, म्हणजे आपले १९३४. चिनी तोफेवर आकडा असला तर तो प्रजासत्ताकाच्या स्थापनेपासून मोजलेला. तिसावे वर्ष म्हणजे १९४१. ज्याला ही पंचांगे ठाऊक नाहीत त्याने तोफेवरचा आकडा वाचून वय ठरवू नये. जपानी ९४ नमुना ओळखावयास मात्र सोपा आहे. तो इतका बुटका आहे की तोफ चालविणाऱ्याला जवळजवळ आडवे व्हावे लागते.

आता नावांच्या घोटाळ्याकडे वळू. माझ्या मते या सगळ्या विषयात सर्वांत फसवी गोष्ट कोणती असेल तर ती नाव. जर्मनांनी युरोपभर जी शस्त्रे लुटली, त्यांना त्यांनी आपल्या पद्धतीने नावे दिली आणि पुढे कंसात मूळ देशाचे एक अक्षर घातले. पोलंडसाठी 'पी', चेकोस्लोव्हाकियासाठी 'टी', रशियासाठी 'आर', फ्रान्ससाठी 'एफ', इटलीसाठी 'आय'. पद्धत चांगली होती, पण तिचा परिणाम पाहा. '३.७ सेंटिमीटर पाक ३६' ही आपली तोफ. '३.७ सेंटिमीटर पाक ३६ (पी)' ही मुळात स्वीडनच्या बोफोर्स कारखान्याची, पोलंडने परवाना घेऊन केलेली आणि जर्मनांनी १९३९ मध्ये हस्तगत केलेली निराळीच तोफ. '४.७ सेंटिमीटर पाक ३६ (टी)' ही चेक श्कोडा कारखान्याची, व्यासाने मोठी. आणि '७.६२ सेंटिमीटर पाक ३६ (आर)' तर रशियाची भली मोठी मैदानी तोफ, जिची जर्मनांनी नव्या काडतुसासाठी दुरुस्ती केली. चारही 'पाक ३६'. बातमीपत्रात कारकुनाने कंस गाळला, किंवा सेंटिमीटरांचा आकडा लिहिण्याचा कंटाळा केला, की वाचणाऱ्याला लिंबाएवढ्या नळीची तोफ आणि नारळ आत शिरत नाही एवढीच काय ती कसर राहिलेली तोफ, यांतला भेद कळावयाचा नाही.

हा भेद रणांगणावर काय करतो? ३७ मिलिमीटरच्या तोफेपासून पाचशे मीटरांवर उभा असलेला, पुढे पाच-सहा सेंटिमीटर चिलखत असलेला रणगाडा निर्धास्त असे. ७.६२ च्या तोफेपुढे तोच रणगाडा हजार मीटरांवरही निर्धास्त नसे. उत्तर आफ्रिकेत १९४२ मध्ये ही रूपांतरित रशियन तोफ स्वयंचलित गाड्यांवर चढवून जर्मनांनी आणली, आणि ब्रिटिशांनी सुरुवातीला तिला प्रसिद्ध ८८ मिलिमीटरची तोफ समजण्याची चूक केली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तोब्रुकवर जो अखेरचा हल्ला झाला, त्याचा पहिला तडाखा आग्नेयेकडील ज्या मोर्चावर बसला तेथे मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती. वाळूत आणि धुरात हजार मीटरांवरून तोफेची जात ओळखण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांच्याजवळ ना मोजपट्टी असते ना पुस्तक.

बोफोर्स हे नाव आपल्याकडे १९८६ च्या खरेदीमुळे घरोघर झाले. त्या १५५ मिलिमीटरच्या तोफेच्या किती तरी आधी, १९३० च्या दशकात, याच कारखान्याची ३७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ पोलंड, फिनलंड, डेन्मार्क इत्यादी देशांत होती. ती आपल्या जर्मन तोफेची बहीण नव्हे, केवळ शेजारीण. व्यास तोच, काळ तोच, काम तेच, म्हणून दिसण्यात साम्य आले. तिची ढाल वळणदार आहे, जर्मन तोफेची सपाट पत्र्याची. हा फरक चित्रातही दिसतो. तरीही खात्री करावयाची झाली तर काडतुसाकडे जावे लागते.

काडतूस हा या तपासातला सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे. चाके बदलतात, ढाल बदलते, रंग तर संग्रहालयवालेच बदलतात. पण काडतुसाची लांबी बदलावयाची तर दारूगोळ्याचा सारा कारखाना बदलावा लागतो. जर्मन तोफेच्या पितळी काडतुसाची लांबी २४९ मिलिमीटर. बोफोर्सच्या काडतुसाची २५७. अमेरिकेने १९३७ मध्ये दोन जर्मन तोफा विकत घेऊन, त्या समोर ठेवून आपली '३७ मिलिमीटर एम-३' तयार केली; तिच्या काडतुसाची लांबी २२३. रशियन ४५ मिलिमीटरची ३१०. म्हणजे तीन तोफा ३७ मिलिमीटरच्याच, पण एकीचे काडतूस दुसरीत चालत नाही. आठ मिलिमीटरांचा फरक डोळ्याला दिसत नाही. तोफेला मात्र तो कळतो, आणि ती बंद होत नाही. आघाडीवर चुकीच्या पेट्या पोचल्या तर तोफ शाबूत असूनही निरुपयोगी. पूर्व युरोपात शेत नांगरताना आजही जुने गोळे वर येतात. ते निकामी करणारा माणूस पहिल्याने व्यास आणि काडतुसाची लांबी मोजतो, कारण आत कोणती दारू आणि कोणता फ्यूज असेल ते त्यावरून ठरते.

अमेरिकन एम-३ आली आहे म्हणून सांगावयास हरकत नाही. तिचीच काडतुसे उडविणारी नळी अमेरिकेने आपल्या 'स्टुअर्ट' रणगाड्यांवर बसविली. १ नोव्हेंबर १९४८ रोजी झोजिला खिंडीत सातव्या लाइट कॅव्हलरीने जे रणगाडे चढवून शत्रूला चकित केले, ते स्टुअर्टच होते. ऱ्हाइनमेटालच्या आराखड्याशी त्यांचे नाते लांबचे, वडील भावाकडे पाहून धाकट्याने शिकावे असे. तरी ३७ मिलिमीटरची ही परंपरा हिमालयापर्यंत पोचली ती अशी.

मूळ तोफेचे पुढे काय झाले? १९४० च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये तिची घडी भरली. फ्रेंच 'शार बी-१' चे चिलखत ६० मिलिमीटर, ब्रिटिश 'माटिल्डा'चे ७८. आरास येथे २१ मे रोजी माटिल्डा रणगाडे या तोफांच्या रांगेवर चालून आले तेव्हा गोळे त्यांच्या अंगावरून टोलवले गेले, आणि तोफा जागच्या जागी चिरडल्या गेल्या. पुढच्या वर्षी रशियात 'टी-३४' आणि त्याहून जाड चिलखताचा 'केव्ही' यांच्यापुढे तोच प्रकार. जर्मन शिपायांनी तिला नाव दिले : 'दार ठोठावण्याचे लष्करी यंत्र'. आवाज होतो, दार उघडत नाही. या विनोदामागे काय होते ते समजून घ्यावे. एका तोफेमागे पाच-सहा माणसे. समोरून येणाऱ्या रणगाड्यावर त्यांनी गोळ्यामागून गोळे मारावयाचे, ते लागतानाही पाहावयाचे, आणि रणगाडा थांबत नाही हेही पाहावयाचे. टंगस्टनचा गाभा असलेला गोळा अगदी जवळून थोडे काम करी, पण टंगस्टन दुर्मिळ होते. पाच सेंटिमीटरची नवी तोफ पुरेशी हाती येईपर्यंत हजारो माणसांनी याच तोफेमागे दिवस काढले.

या अडचणीतून जो शेवटचा प्रकार निघाला, तो ओळखण्यास सर्वांत सोपा. १९४२ च्या सुमारास नळीच्या तोंडावर बाहेरून एक मोठा, फुगीर, शेपटीचा गोळा बसवू लागले. आत बिनगोळ्याचे काडतूस घालून तो उडवावयाचा. हा गोळा वेगाने नव्हे तर आतल्या पोकळ रचनेच्या स्फोटाने चिलखत फोडीत जाई. सुमारे १८० मिलिमीटर पोलाद तो भेदू शके. पण पल्ला जेमतेम तीनशे मीटर, आणि तो बसविण्यासाठी कोणीतरी ढालीच्या पुढे, शत्रूच्या समोर जावयाचे. चित्रात बारीक नळीच्या टोकाला सुरईएवढे ओझे दिसले, की दुसरे काही तपासण्याची गरज नाही.

एरवी क्रम असा ठेवावा. शक्य असेल तर प्रथम नळीचा व्यास मोजावा. तेथेच ३७ आणि ४५ वेगळे होतात. मग नळीची लांबी. नंतर काडतूस जेथे बसते ती खोली, म्हणजे स्वीडिश, अमेरिकन आणि जर्मन वेगळ्या होतात. मग ठसे आणि वर्ष, पंचांग कोणते ते ध्यानात ठेवून. त्यानंतर ढाल, त्यानंतर चाके. रंग आणि पाटी सर्वांत शेवटी. जर्मनांनी हस्तगत केलेल्या रशियन ४५ मिलिमीटरच्या तोफांना 'पाक १८४ (आर)' असे नाव देऊन आपल्या सैन्यात वापरले. तेव्हा एखाद्या संग्रहालयात रशियन नळीची, जर्मन करड्या रंगाची, 'जर्मन तोफ' अशी पाटी लावलेली तोफ दिसली तर पाटी लिहिणाऱ्यास हसू नये. आराखडा ऱ्हाइनमेटालचा, पोलाद रशियाचे, अखेरची चाकरी जर्मनीची. पाटीवर तिन्ही ओळी लिहाव्यात, आणि शेजारी १९३० ची विक्री नमूद करावी.